फ्लाय फिशिंगचा लीडर आणि टिपेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर किंवा काश्मीरच्या लिद्दरवर ट्राउटसाठी जाणारे, हिमालयाच्या पायथ्याशी महसीरमागे फिरणारे आणि कोकणच्या खाडीत जिताड्यासाठी फ्लाय टाकून बघणारे, अशा मराठी अँगलरसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. रॉड आणि रीळ घेताना आपण महिनोन्‌महिने चौकशी करतो, आणि लाइन व फ्लाय यांच्या मधल्या शेवटच्या नऊ फुटांना, म्हणजे लीडरला, दुकानदार देईल ते पाकीट लावतो. कास्टिंग बिघडलंय म्हणून जे प्रश्न येतात, त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर त्या नऊ फुटांत असतं. म्हणून इथे सगळं लिहिलं आहे.

लीडर लागतोच कशाला? लाइनला थेट फ्लाय बांधली तर?

साध्या गळाला शिसं किंवा जड ल्यूर असतो. तो फेकला की त्याच्यामागे तंगूस ओढला जातो. फ्लायला वजनच नसतं. पिसं, लोकर आणि एक बारीक गळ, एवढाच ऐवज. म्हणून इथे वजन लाइनमध्ये असतं. लाइन फेकायची आणि फ्लाय तिच्यामागून जाते. ही लाइन जाड, प्लास्टिकचा थर दिलेली आणि बहुतेक वेळा भडक रंगाची असते. ती माशाच्या डोक्यावर पडली तर मासा पळणारच.

पण लपवणं हे लीडरचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं जोर पोचवण्याचं. बैलगाडीचा आसूड मुठीशी जाड आणि टोकाशी बारीक होत गेलेला असतो, त्यामुळे मनगटाचा झटका शेवटच्या दोरीपर्यंत पोचतो. लीडर तसाच उतरत्या जाडीचा असतो. लाइनमधून आलेला जोर तो हळूहळू खर्च करत टोकाकडे नेतो, आणि फ्लाय पाण्यावर अलगद उतरते. सलग एका जाडीचा तंगूस बांधला, तर तो जोर मध्येच संपतो आणि फ्लाय लाइनच्या टोकाशी गोळा होऊन पडते.

लीडर कुठे संपतो आणि टिपेट कुठे सुरू होतं?

लाइनकडचा जाड आणि ताठ भाग म्हणजे बट. मधला भाग उतरता. शेवटचा, एकसारख्या बारीक जाडीचा भाग म्हणजे टिपेट. पाकिटातला बिनगाठीचा ९ फुटी लीडर घेतला तर त्याचे शेवटचे दीड-दोन फूट टिपेटच असतात, फक्त जोड दिसत नाही.

इथेच नवखे लोक अडकतात. दर वेळी फ्लाय बदलली की बोटभर टिपेट कापलं जातं. दुपारपर्यंत टिपेट संपून उतरता भाग सुरू होतो, म्हणजे ५ एक्सचा लीडर नकळत ३ एक्सचा, म्हणजे जाड, झालेला असतो (एक्सचा हिशेब पुढच्या प्रश्नात). फ्लायच्या डोळ्यातून दोरा जायला कुरकुर करू लागला की समजावं. उपाय सोपा आहे. नवा लीडर लावल्या लावल्या त्याला वेगळं टिपेट जोडून घ्यावं आणि पुढे फक्त तेच बदलत राहावं. एक लीडर असा अख्खा मोसम पुरतो.

३ एक्स, ५ एक्स हा आकडा नक्की काय सांगतो?

फक्त जाडी. आकडा मोठा, तितकं टिपेट बारीक. नायलॉन येण्यापूर्वी टिपेट रेशीमकिड्याच्या आतल्या ग्रंथीपासून काढलेल्या धाग्याचं असायचं, आणि त्याचं मोठं केंद्र स्पेनमधलं मुर्सिया होतं. तो धागा धातूच्या पट्टीतल्या भोकांतून ओढून बारीक करत. जितक्या वेळा ओढला तितके एक्स. ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ मध्ये नायलॉन तयार केलं आणि पुढे रेशमाचा धागा मागे पडला, पण एक्स तसाच राहिला.

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उत्तर येतं ते इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच. आपल्याकडे मिलिमीटर सोयीचं, म्हणून:

० एक्स: ०.२८ मिमी
१ एक्स: ०.२५ मिमी
२ एक्स: ०.२३ मिमी
३ एक्स: ०.२० मिमी
४ एक्स: ०.१८ मिमी
५ एक्स: ०.१५ मिमी
६ एक्स: ०.१३ मिमी
७ एक्स: ०.१० मिमी

ताकद मात्र कंपनीगणिक बदलते. चांगलं ५ एक्स नायलॉन साधारण दोन-सव्वादोन किलोचा ताण घेतं, ४ एक्स अडीच किलोच्या पुढे. जपानी मालावर कधी कधी एक्सऐवजी 'गो' हा आकडा असतो आणि तो उलटा चालतो: १ गो म्हणजे ०.१६५ मिमी, ३ गो म्हणजे ०.२८५ मिमी. घेताना वेष्टनावरचे मिलिमीटर वाचा, बाकी सगळं नंतर.

मासा किती मोठा आहे त्यावर टिपेट निवडायचं ना?

नाही. टिपेट फ्लायच्या आकारावर ठरतं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

गळाच्या नंबराला ३ ने भागा (नंबर जितका मोठा तितका गळ लहान). १२ नंबरच्या फ्लायला ४ एक्स, १५-१६ नंबरला ५ एक्स, १८ नंबरला ६ एक्स. काही जण ४ ने भागतात, म्हणजे एक पायरी जाड वापरतात. गढूळ किंवा जोरकस पाण्यात तेही बरोबर.

बारीक फ्लायला जाड टिपेट लावलं तर ती पाण्यात मोकळी हलत नाही, दोऱ्याच्या ताठपणाने जाते, आणि प्रवाहात वाहून येणारा खरा किडा तसा कधीच जात नाही. उलट, मोठ्या पिसाऱ्याची स्ट्रीमर (छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय) ६ एक्सला बांधली तर हवेतल्या दोन-चार फेऱ्यांत टिपेटला इतका पीळ बसतो की ते गुंतवळ होऊन येतं. गाठीलाही झटका सोसत नाही, एखाद्या कास्टमध्ये फ्लायच उडून जाते.

माशाच्या वजनाची काळजी रॉड घेतो. वाकलेला रॉड आणि नीट लावलेला ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, हे दोघे झटके शोषतात. दोन किलोच्या टिपेटवर दोन किलोहून मोठा ट्राउट बाहेर येतो तो यामुळेच.

आता याची दुसरी बाजू. गरजेपेक्षा बारीक टिपेट वापरणं हे कौशल्य समजलं जातं, मला ते पटत नाही. बारीक टिपेटवर मासा हळूहळू, सांभाळत आणावा लागतो. दहा मिनिटं झुंजवलेला ट्राउट पाण्यात सोडला तरी थकव्याने नंतर मरू शकतो, विशेषतः उन्हाळ्यात पाणी तापलेलं असताना, कारण तेव्हा पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. फ्लाय नीट चालत असेल तर जमेल तितकं जाड टिपेट लावा आणि मासा लवकर आणा.

नायलॉन घ्यावं की फ्लुरोकार्बन?

वर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला नायलॉन, बुडणाऱ्या निम्फ (पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय) आणि स्ट्रीमरला फ्लुरोकार्बन. एवढ्यावर भागतं.

कारण हवं असेल तर ते घनतेत आहे. नायलॉन पाण्यापेक्षा किंचितच जड असतं, सुमारे १.१४ पट, फ्लुरोकार्बन जवळजवळ १.८ पट. म्हणून फ्लुरोकार्बन बुडतं आणि ड्राय फ्लायचं नाक खाली ओढतं. "दिसत नाही" ही जाहिरात पूर्ण खोटी नाही: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. फरक आहे, पण फ्लाय प्रवाहाच्या विरुद्ध सरकत असेल तर अदृश्य दोराही वाचवत नाही.

नायलॉन पाणी शोषतं आणि तासाभरात थोडं कमजोर होतं. उन्हानेही ते खराब होतं. फ्लुरोकार्बनला दोन्हीचा त्रास नाही आणि खडकावर घासलं तरी ते जास्त टिकतं. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये ते मासेमारीसाठी बाजारात आणलं, ते याच गुणांवर चाललं. त्याचे तोटे दोन: महाग, आणि गाठीला हट्टी. ओलं न करता घाईने गाठ आवळली तर तिथेच तुटतं. तिसरी गोष्ट आपल्या हातात आहे. ते निसर्गात वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, म्हणून त्याचा एकही तुकडा नदीकाठी टाकू नये.

लीडर किती लांब हवा?

तीर्थनसारख्या दगडगोट्यांच्या वेगवान नदीत साडेसात ते नऊ फूट पुरे. पाणी खळाळतं, मासा जवळ असतो, कास्ट छोटी असते. संथ, आरशासारख्या डोहात बारा फुटांपर्यंत जावं. वारा सुटला की दोन फूट कमी करावेत. बुडणाऱ्या लाइनला मात्र एक-दीड मीटरचा एकसलग तुकडाच हवा. लांब लीडर लावला तर लाइन तळाला आणि फ्लाय वर तरंगत राहते.

ड्राय फ्लायला एकूण लांबीपेक्षा टिपेटची लांबी महत्त्वाची. समोर मोठा धोंडा आहे असं समजा. त्याच्या आड संथ पाणी आहे, तिथे ब्राउन ट्राउट तोंड वर करून बसलाय. तुमच्या आणि त्याच्या मध्ये वेगवान धार आहे. फ्लाय संथ पाण्यात पडते, लाइन धारेत. दुसऱ्याच क्षणी धार लाइनला पोट काढते, लीडर ताणला जातो आणि फ्लाय पाण्यावर इंग्रजी व्ही आकाराची रेघ उमटवत आडवी सरकते. मासा खाली जातो आणि तासभर वर येत नाही. तिथे दोन फुटांऐवजी चार फूट मऊ टिपेट असतं तर ते सैल वळणं घेत पडलं असतं. ती वळणं सरळ होईपर्यंत दोन-तीन सेकंद मिळाले असते, आणि ट्राउटला तेवढे पुरतात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात फ्लाय फिशिंग शिकवणारे जॉर्ज हार्वी यांनी याच कारणासाठी ताठ जाड बट सोडून बारीक बट आणि लांब मऊ टिपेटचा लीडर प्रचारात आणला. ड्राय फ्लाय हीच तुमची आवड असेल तर हा प्रकार जरूर करून बघा.

घरी लीडर बांधता येतो का? माप द्या.

येतो, आणि बांधावाच. पाकिटातला लीडर चांगला असतो, पण आपल्या लाइनला, आपल्या नदीला बेतलेला नसतो. शिवाय हिमालयातल्या गावात नवं पाकीट मिळणार नाही, तेव्हा जवळची चार रिळं कामाला येतात.

चार्ल्स रिट्झ यांच्या नावाने ओळखलं जाणारं ६०-२०-२० हे प्रमाण सुरुवातीला धरा: साठ टक्के बट, वीस टक्के उतार, वीस टक्के टिपेट. पाच नंबरच्या लाइनसाठी (लाइनचा नंबर तिच्या वजनावर ठरतो) ९ फुटांचा हा लीडर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो:

०.५० मिमी: ७५ सेमी
०.४५ मिमी: ४५ सेमी
०.४० मिमी: ३० सेमी
०.३५ मिमी: २० सेमी
०.३० मिमी: १५ सेमी
०.२५ मिमी: १५ सेमी
०.२० मिमी: १५ सेमी
टिपेट ०.१८ किंवा ०.१५ मिमी: ६० सेमी

एकूण २७५ सेमी. ही मापं गाठी मारून झाल्यावरची आहेत, म्हणून प्रत्येक तुकडा वीतभर जास्त कापा. शेजारच्या दोन तुकड्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका. फरक वाढला की लीडर त्याच जोडाशी मोडल्यासारखा दुमडतो आणि जोर पुढे जात नाही. बटची जाडी लाइनच्या टोकाच्या साधारण दोन तृतीयांश असावी. आठ नंबरच्या लाइनला म्हणून ०.५५-०.६० पासून सुरुवात करा.

मापं सेंटिमीटरपर्यंत पाळायची गरज नाही. जाडीचा क्रम पाळा. लांबी एक-दोन दिवसांच्या वापराने तुम्हालाच कळेल.

त्यासाठी बाजारातला साधा तंगूस चालेल का?

बटसाठी उत्तम चालतो. मुंबईत किंवा कोकणातल्या कुठल्याही जाळी-गळाच्या दुकानात ०.४० ते ०.६० मिमीचा तंगूस मिळतो. थोडा ताठ असलेला निवडा. दोन बोटांत धरून वाकवला तर परत सरळ व्हायला हवा. मात्र ०.२५ च्या खाली गेलात की टिपेट म्हणूनच विकलेला माल घ्या. बारीक बाजारी तंगूस त्याच ताकदीला जाड असतो आणि त्याची जाडीही रिळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असेलच असं नाही. सूक्ष्ममापक हाताशी असेल तर एकदा मोजून बघा.

कोणत्या गाठी यायलाच हव्यात?

चार. ब्लड नॉट, सर्जन्स नॉट, परफेक्शन लूप आणि फ्लायसाठी इम्प्रूव्हड क्लिंच. बाकीच्या हौसेच्या किंवा एखाद्या खास कामापुरत्या.

ब्लड नॉट लीडरचे तुकडे जोडायला. दोन टोकं एकमेकांवर आडवी ठेवायची. एका टोकाचे दुसऱ्या दोऱ्याभोवती वेढे घ्यायचे, जाड दोऱ्याला तीन-चार, बारीकला पाच, आणि टोक मधल्या फटीत घालून दातांत किंवा बोटांत धरायचं. मग दुसरं टोक उलट बाजूला तितकेच वेढे घेऊन त्याच फटीत, पण विरुद्ध दिशेने घालायचं. आता थुंकी लावायची. सुकी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि दोरा आतून भाजतो. वरून दिसत नाही, मासा लागल्यावर दिसतं. दोन्ही लांब दोरे सावकाश, एका दमात ओढायचे. वेढे आधी सैल सरकतात, मग एकापाठोपाठ एक अंगाला अंग लावून बसतात आणि मधली फट मिटते. बरोबर बसलेली गाठ गुळगुळीत नळीसारखी दिसते, टोकं काटकोनात बाहेर येतात. एखादा वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसला तर कापून पुन्हा मारा. तिच्यावर भरवसा ठेवू नका.

सर्जन्स नॉट कमी देखणी, पण काम तितकंच चोख. दोन दोरे शेजारी धरून साधा फास करायचा आणि त्यातून दोनदा, फ्लुरोकार्बन असेल तर तीनदा, दोन्ही एकत्र ओवायचे. जाडीत बराच फरक असेल, बोटं थंडीने बधिर झाली असतील किंवा अंधार पडत असेल, तर हीच. नायलॉन लीडरला फ्लुरोकार्बन टिपेट जोडतानाही हीच.

एक गाठ मात्र आपण न मारता पडते. कास्टिंगमध्ये मध्येच बसणारी साधी गाठ टिपेटची ताकद निम्म्यावर आणू शकते. दर पंधरा-वीस मिनिटांनी टिपेट बोटांमधून ओढून बघा. गाठ लागली आणि आवळलेली नसेल तर फ्लायच्या टोकाने सोडवा, आवळली असेल तर टिपेट बदला.

टिपेट रिंग लावावी का?

लावावी. दीड-दोन मिलिमीटरची ही कडी लीडरच्या टोकाला क्लिंच गाठीने एकदा बांधली की टिपेट तिलाच बांधायचं, लीडर कमी होत नाही. ५ एक्सपर्यंतच्या ड्राय फ्लायला तिचं वजन जाणवत नाही. बांधताना ती ओवलेल्या तारेवरून काढायच्या आधी गाठ पूर्ण आवळा. नदीच्या गोट्यांत पडलेली कडी सापडत नाही.

लाइनला लीडर कसा जोडायचा?

आजकाल बहुतेक लाइनला टोकाशी तयार फास असतो. लीडरलाही परफेक्शन लूप असतो. लीडरचा फास लाइनच्या फासावरून घ्या, लीडरचं दुसरं टोक लाइनच्या फासातून ओढा, आणि सरकवत आणा. दोन्ही फास एकमेकांत सारखे, चौकोनी बसले पाहिजेत. एक फास दुसऱ्याच्या गळ्याभोवती आवळला गेला असेल तर तो लाइनचा थर कापत जातो. लाइनला फास नसेल तर नेल नॉट मारा.

नवा लीडर स्प्रिंगसारखा गुंडाळलेलाच राहतो. काय करू?

दोन हातांत फूटभर धरून दहा सेकंद स्थिर ताण द्या, मग पुढचा फूट. नायलॉन ताणलं की सरळ होतं. मुठीत धरून थोडी ऊब दिली तर आणखी लवकर. रबरावर किंवा कातड्यावर जोरात घासून सरळ करण्याची सवय मोडा. त्या उष्णतेने बारीक भाग खराब होतो.

टिपेट पाण्यावर तरंगतं आणि त्याची सावली पडते. ते बुडवता येईल?

येतं, घरच्या सामानात. मुलतानी मातीत भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब आणि असल्यास थोडं ग्लिसरीन मिसळून घट्ट गोळा करा. शेवटच्या दोन फुटांना चिमटीने लावून पाण्यात धुवा. माती बोटांचा तेलकटपणा काढून घेते आणि टिपेट पाण्याच्या पडद्याखाली जातं. दुकानात विकत मिळणारी लेपी मुख्यतः याच पदार्थांची असते. फ्लायला मात्र लावू नका, ती बुडेल. सनस्क्रीन किंवा डास पळवणारी क्रीम लावलेल्या हातांनी टिपेट हाताळणं टाळा.

फ्लाय नीट पडत नाही. दोष माझा की लीडरचा?

आधी लीडर तपासा, कारण तो दोन मिनिटांत बदलता येतो.

टिपेट फ्लायभोवती ढीग होऊन पडत असेल तर ते फ्लायच्या मानाने लांब किंवा बारीक आहे, वीतभर कापा. फ्लाय थपकन पाण्यावर आपटत असेल तर उलट, टिपेट तोकडं झालंय. टिपेटला पीळ पडत असेल तर एक पायरी जाड घ्या, किंवा फ्लायचे पंख वाकडे बांधले गेलेत का पाहा. लाइन सरळ जाते पण लीडर उलगडतच नाही, तर बट बारीक आहे. हे सगळं ठीक असून फ्लाय मागे राहत असेल, तर मग हात बघायचा.

एका लीडरवर दोन फ्लाय कशा लावायच्या?

सर्जन्स नॉट मारताना वरच्या, जाड दोऱ्याचं खाली आलेलं टोक कापू नका, १०-१५ सेमी ठेवा आणि त्याला दुसरी फ्लाय बांधा. किंवा वरच्या ड्राय फ्लायच्या गळाच्या वाकाला अर्धा मीटर टिपेट क्लिंचने बांधून खाली निम्फ सोडा. त्या खालच्या तुकड्याचं टिपेट एक पायरी बारीक ठेवा, म्हणजे तळाला अडकलं तर एकच फ्लाय जाते.

महसीरला काय वापरावं?

इथे वरचा "फ्लायवरून टिपेट" हा नियम मागे पडतो आणि खडक पुढे येतात. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, त्यामुळे तार लागत नाही. पण फ्लाय घेतली की तो पहिली धाव खडकांच्या दिशेने मारतो, आणि त्या धावेला थांबवणं ट्राउटच्या रॉडला झेपत नाही. आठ-नऊ नंबरचा रॉड, साडेसात-आठ फुटांचा लीडर आणि ०.३५ ते ०.४० मिमीचं फ्लुरोकार्बन. जोड जितके कमी तितके बरे, त्यासाठी ०.०५ मिमीचा नियमही इथे सोडा: ०.५५ चा एक मीटर, ०.४५ चा पाऊण मीटर, उरलेलं टिपेट, बस्स. फ्लायला घट्ट गाठीऐवजी न सरकणारा फास करा म्हणजे स्ट्रीमर मोकळी डुलते. प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर भाग जिभेवरून किंवा ओठांवरून फिरवून बघा. बोटांना न जाणवणारी खरवड तिथे लगेच लागते.

हिमालयातला सोनेरी महसीर संकटग्रस्त मासा आहे. जाड टिपेट, काट्याशिवायचा गळ आणि पाण्यातूनच सुटका, हे तिथे गृहीत धरा.

महाराष्ट्राचा या कुळाशी जुना संबंध आहे. दख्खनच्या महसीरला शास्त्रीय नाव विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दिलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते. महाडजवळची वाळण कोंड आणि वाड्याजवळचं तिळसे इथले देवाचे मासे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. तिथे जावं, मासे बघावेत, चुरमुरे टाकावेत. रॉड घरी ठेवावा.

कोकणच्या खाडीत जिताड्यासाठी?

जिताड्याच्या ओठांची आतली बाजू सँडपेपरसारखी खरखरीत आणि कल्ल्यांची कड धारदार असते. साधं टिपेट काही क्षणांत झिजतं. म्हणून टिपेटच्या पुढे ०.६० मिमीचा हातभर जाड तुकडा, म्हणजे शॉक टिपेट, जोडा. ०.४० आणि ०.६० जोडायला अल्ब्राइट नॉट. खारफुटीच्या मुळांमुळे तसाही जाड माल लागतोच. तांबोशीलाही हेच चालतं. सुरमईचे दात मात्र कात्रीसारखे कापतात. तिला १५ सेमी तार हवी. खाऱ्या पाण्यातून आल्यावर लीडर गोड्या पाण्यात धुवून ठेवा.

टेंकाराच्या काठीला हे सगळं लागतं का?

नाही. ही जपानी पद्धत बिनरिळाची आहे. काठीएवढी एकसारख्या जाडीची लाइन, बहुधा ३ ते ४ गो फ्लुरोकार्बन, आणि पुढे मीटरभर टिपेट. टिपेट ५ एक्सहून जाड नको. गळ अडकला तर टिपेट तुटलं पाहिजे, काठीचं नाजूक टोक नाही.

टिपेट किती दिवस टिकतं?

बारीक नायलॉन दर मोसमाला नवं घ्या, विशेषतः ५ एक्सच्या पुढचं. फ्लुरोकार्बन काही वर्षं सहज जातं. रिळावर खरेदीची तारीख लिहून ठेवा आणि रिळं गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीत ठेवू नका. शंका आली तर साधी गाठ मारून ओढा; नव्या रिळाच्या मानाने झटकन तुटलं तर बटचं सामान म्हणूनही वापरू नका.

पहिल्यांदा तीर्थनला जातोय. नेमकं काय बरोबर घेऊ?

९ फुटी ४ एक्सचे दोन लीडर. ३, ४ आणि ५ एक्स नायलॉन, ४ एक्स फ्लुरोकार्बन. दहा टिपेट रिंग. बटसाठी ०.४५ आणि ०.३५ तंगूस, नखकातर, आणि मुलतानी मातीची डबी. ६ एक्सची गरज तिथल्या खळाळत्या पाण्यात सहसा पडत नाही. कापलेले तुकडे ठेवायला झाकणाची छोटी डबी घ्या. नदीकाठचे पक्षी त्या तुकड्यांत पाय अडकून मरतात.

हिमाचलमध्ये मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही. नदीचा परवान्याखालचा भाग हद्दीबाहेर, खालच्या अंगाला आहे. बर्फ वितळण्याच्या दिवसांत पाणी दुपारनंतर वाढतं आणि गढूळतं. तेव्हा सकाळी ५ एक्सने सुरुवात करून दुपारी निःसंकोच ३ एक्सवर या.